मान दुखते म्हणून गेले आणि डॉक्टर हातच बघत बसले

आमच्या शिवणकामात मान दुखणं कुणाला नवीन नाही. लगीनसराईत तर रात्री उशिरापर्यंत ब्लाऊज चालू असतात. बाम चोळायचा, उशी बदलायची, पुढचं अस्तर हातात घ्यायचं. पण या खेपेला कळ उजव्या फऱ्यातून दंडाच्या मागून खाली उतरायची, मधल्या बोटाला मुंग्या यायच्या आणि इस्त्री दाबताना हातात जोरच येईना. तेव्हा मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

एक्स-रेचं त्यांनी नावही काढलं नाही. आधी प्रश्न, तेही वाटेल ते. ताप येतो का, वजन उतरलंय का, झोपेतही ठणकतं का, कुठे पडला होतात का, घरात कुणाला टीबी होता का, जिना चढताना छाती भरून येते का. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून असतो, आणि हृदयाचं दुखणंही कधीकधी मानेत, जबड्यात येतं, म्हणे. मग विचारलं, बटणं लावताना बोटं अडखळतात का? मी काज-बटण करणारी बाई, मला हसू आलं. ते हसले नाहीत. मानेत मज्जारज्जू दबला तर बोटांची सफाई जाते, चाल बिघडते, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो.

मग तपासणी. मान मागे करून उजवीकडे कलवली आणि डोक्यावर हलकेच दाबलं. कळ सरळ बोटापर्यंत गेली. तोच हात डोक्यावर ठेवायला लावला तर कळ उतरली. (झोपताना मी हात तसाच ठेवत होते, का ते आता कळलं.) कोपराच्या मागे हातोडी मारली. डावा हात टुणकन उडाला, उजवा ढिम्म. मधल्या बोटाचं नख टिचकवून अंगठा आपोआप आत वळतो का बघितलं, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालवलं. दोन्ही ठीक. मनगटं दुमडून धरायला लावली, कारण मनगटात नस दबली तरी बोटं बधिर होतात आणि शिवणाऱ्यांमध्ये ते बरंच दिसतं.

मानेचे मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. ढोबळमानाने सहावीचा त्रास अंगठ्याकडे जातो, सातवीचा मधल्या बोटाकडे, आठवीचा करंगळीकडे. माझी सातवी. हे सगळं मशीनशिवाय, टेबलावरच ठरलं.

गोळ्या आणि व्यायाम करूनही हाताची ताकद येईना, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी गादी सरकलेली, मणक्यांना वाढलेली हाडं, मानेचा मूळचा बाक जाऊन ती सरळ झालेली. वाचून माझं अवसानच गळालं. डॉक्टर म्हणाले, यातलं बरंचसं काही त्रास नसलेल्यांच्याही फोटोत दिसतं. सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी तेवढी तुमच्या हाताशी जुळते, रिपोर्टमधल्या बाकीच्या गोष्टींकडे लक्ष देऊ नका.

आता गिऱ्हाइकं मला विचारतात, ‘ताई, मान दुखते, एमआरआय कुठे केलात?’ नुसती मान अवघडली असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटते, मी सांगते. हात-पाय लुळे पडत असतील, चालताना तोल जात असेल किंवा तापासोबत मान ताठरली असेल, तर मात्र मापं राहू द्या, आधी दवाखाना गाठा.