डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर नवीन सी शार्प: माझा अनुभव

डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ (विंडोजवर प्रोग्राम चालवणारा मायक्रोसॉफ्टचा पाया) वरचा जुना, चालू, धंद्याचा कोड टाकून देता येत नाही आणि त्यावर सी शार्प या भाषेच्या ७.३ आवृत्तीतच अडकून राहायलाही मन तयार होत नाही. मी असे प्रोजेक्ट सांभाळतो. स्विच एक्स्प्रेशन, रेकॉर्ड, फाइलभर लागू होणारी नेमस्पेस हे सगळं मी ४.८ वर रोज वापरतो. मात्र मायक्रोसॉफ्टचा याला अधिकृत पाठिंबा नाही. ४.८ साठी ठरलेली भाषा ७.३ हीच, त्यापुढचं आपल्या जबाबदारीवर.

पहिली पायरी: प्रोजेक्ट फाइलमध्ये लँगव्हर्जन हा भाषेची आवृत्ती ठरवणारा टॅग घालायचा. व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) २०१९ पासून भाषेची आवृत्ती निवडायचा ड्रॉपडाउन बंद ठेवलेला असतो, त्यामुळे फाइल हातानेच उघडावी लागते. प्रोजेक्ट बरेच असतील तर सोल्यूशनच्या फोल्डरमध्ये डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स ही फाइल ठेवून टॅग एकदाच लिहावा. किंमत म्हणून 'लेटेस्ट' लिहू नका, आकडा लिहा. 'लेटेस्ट' म्हणजे त्या त्या मशीनवरच्या कंपायलरला (कोडचा चालवता येणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) जे माहीत असेल ते. तुमच्याकडे ते १२ असतं, बिल्ड सर्व्हरवर ९, आणि कोड तिथे जाऊन फुटतो. आकडा लिहिला असेल तर जुना कंपायलर पहिल्याच ओळीला सीएस१६१७ (अशा आकड्यांनी कंपायलर आपल्या चुका ओळखतो) ही एरर देऊन थांबतो आणि काय बिघडलंय ते लगेच कळतं.

नेमका कोणता कंपायलर चालतोय हे शोधणं हेच यातलं खरं काम. कुठल्याही फाइलमध्ये हॅश चिन्ह, त्याला जोडून एरर आणि एक जागा सोडून व्हर्जन अशी ओळ लिहून बिल्ड करा. रोझलिन हा मायक्रोसॉफ्टचा नवा सी शार्प कंपायलर सीएस८३०४ या एररमध्ये स्वतःची आवृत्ती आणि भाषेची आवृत्ती, दोन्ही छापतो. नुसता 'व्हर्जन' हा शब्दच एरर म्हणून परत आला, तर समजा की रोझलिनच्या आधीचा किंवा अगदी सुरुवातीचा रोझलिन कंपायलर चालतोय. जुन्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये विंडोज फोल्डरमधल्या व्ही४.०.३०३१९ चा पाथ हमखास लिहिलेला असतो. तिथल्या सीएससीला (कंपायलरच्या प्रोग्रामला) सी शार्प ५ च्या पुढचं काहीच कळत नाही. स्क्रिप्टमध्ये व्हीएसव्हेअर (बसवलेला स्टुडिओ शोधून देणारं साधन) वापरून एमएसबिल्ड या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामचा पाथ शोधला की हा त्रास मिटतो.

स्टुडिओ बदलता येत नसेल तर मायक्रोसॉफ्ट डॉट नेट डॉट कंपायलर्स डॉट टूलसेट हे नुगेट पॅकेज प्रोजेक्टपुरता नवा कंपायलर आणतं. यात बिल्ड पास होतो, पण जुन्या स्टुडिओचा एडिटर त्याच कोडखाली लाल रेघा मारत राहतो, कारण एडिटरचा रोझलिन वेगळा असतो. टीममध्ये त्या रेघांकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की खऱ्या चुकाही नजरेआड होतात. म्हणून हा उपाय मी बिल्ड सर्व्हरपुरताच ठेवतो.

कंपायलर नवा झाला तरी सगळी फीचर्स चालत नाहीत. स्विच एक्स्प्रेशन, 'इज नॉट नल', रॉ स्ट्रिंग, प्रायमरी कन्स्ट्रक्टर ही कंपायलर स्वतःच उलगडतो, फ्रेमवर्ककडे काही मागत नाही. रेकॉर्ड आणि इनिट (ऑब्जेक्ट तयार होतानाच भरता येणारी प्रॉपर्टी) मात्र इज-एक्स्टर्नल-इनिट नावाचा टाइप मागतात. तो ४.८ मध्ये नाही, म्हणून सीएस०५१८ येते. सिस्टम डॉट रनटाइम डॉट कंपायलरसर्व्हिसेस या नेमस्पेसमध्ये त्याच नावाचा रिकामा, इंटर्नल, स्टॅटिक क्लास लिहिला की काम झालं. कंपायलर फक्त नाव पाहतो, आत काय आहे ते नाही. रिक्वायर्डसाठी (भरणं सक्तीचं असलेल्या मेंबरसाठी) रिक्वायर्ड-मेंबर आणि कंपायलर-फीचर-रिक्वायर्ड ही दोन ॲट्रिब्यूट्स लागतात. कन्स्ट्रक्टरमधून किमती भरायच्या असतील तर सेट्स-रिक्वायर्ड-मेंबर्सही. एसिंक स्ट्रीमसाठी बीसीएल डॉट एसिंकइंटरफेसेस हे पॅकेज आहे.

हाताने लिहिलेले हे टाइप कधीही पब्लिक करू नका. दोन असेंब्लींनी (बिल्डमधून तयार झालेल्या फाइलींनी) तेच नाव पब्लिक केलं की तिसरीकडे नावांची टक्कर होऊन एरर येऊ शकते. इंटर्नल ठेवूनही, इंटर्नल्स-व्हिजिबल-टू या ॲट्रिब्यूटमुळे ते दिसणाऱ्या टेस्ट प्रोजेक्टमध्ये सीएस०४३६ ची वॉर्निंग येऊ शकते, पण ती निरुपद्रवी आहे. पॉलीशार्प हे पॅकेज असे टाइप बिल्डच्या वेळी आपोआप तयार करतं. पण ते सोर्स जनरेटर (कंपायलरच्या आत चालून कोड लिहिणारं) असल्यामुळे जुन्या कंपायलरवर त्याचा उपयोग नाही.

ॲरेवर रेंज (दोन टिंबांनी तुकडा काढायची सोय) वापरायचा मोह टाळा. इंडेक्स आणि रेंज हे टाइप लिहिता येतात, पण ॲरेचा तुकडा काढायला रनटाइम-हेल्पर्समधली गेट-सब-ॲरे ही मेथड लागते. रनटाइम-हेल्पर्स हा क्लास फ्रेमवर्कमध्ये आधीच आहे, त्यावर त्याच नावाचा आपला क्लास चढवणं मला पटत नाही. ॲरे डॉट कॉपी लिहावं आणि पुढे जावं.

इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथड्सना तर उपायच नाही. सीएस८७०१ आली की समजावं, अडचण सीएलआरमध्येच (फ्रेमवर्कच्या, कोड चालवणाऱ्या गाभ्यातच) आहे. कुठलाही टाइप किंवा पॅकेज ती भरून काढत नाही. इंटरफेसमधल्या स्टॅटिक ॲब्स्ट्रॅक्ट मेंबर्सचंही तसंच. तिथे ॲब्स्ट्रॅक्ट बेस क्लास किंवा एक्स्टेन्शन मेथड वापरा.

प्रोजेक्ट एएसपी डॉट नेट एमव्हीसीचा (वेबसाइटचा) असेल तर आणखी एक कंपायलर गुंतलेला असतो. रेझर व्ह्यू (पानांचे साचे) सर्व्हरवर, पान पहिल्यांदा उघडताना कंपाइल होतात आणि तिथे प्रोजेक्ट फाइलमधला लँगव्हर्जन लागूच होत नाही. बिल्ड हिरवा, डिप्लॉय झालं आणि पान उघडताच पिवळा एरर पेज, हे यामुळेच होतं. तिथला कंपायलर ठरतो वेब डॉट कॉन्फिगमधल्या सिस्टम डॉट कोडडॉम या भागावरून आणि बिन फोल्डरमधल्या रोझलिन फोल्डरवरून. त्या फोल्डरातला सीएससी हायफन लँगव्हर्जन, कोलन, प्रश्नचिन्ह एवढं देऊन चालवा, त्याला कळणाऱ्या आवृत्त्यांची यादी मिळते. व्ह्यूमध्ये काय लिहायचं ते त्या यादीवरून ठरवा आणि प्रोजेक्ट फाइलमध्ये एमव्हीसी-बिल्ड-व्ह्यूज ट्रू करा, म्हणजे व्ह्यूमधल्या चुका बिल्डलाच सापडतील.

नलेबल (नलच्या चुका आधीच दाखवणारी तपासणी) चालू करताना एवढं लक्षात ठेवा की ४.८ च्या लायब्ररीवर नलची ॲनोटेशन्सच नाहीत. त्यामुळे स्ट्रिंग डॉट इज-नल-ऑर-एम्प्टीने तपासल्यावरही कंपायलर वॉर्निंग देतो. सामायिक लायब्ररी मी नेट४८ आणि नेट८.० अशा दोन्ही टार्गेटवर बिल्ड करतो, नलच्या वॉर्निंग नेट८.० च्या बिल्डमध्येच वाचतो आणि नेट४८ साठी नलेबलची किंमत 'ॲनोटेशन्स' ठेवतो.