'सब्र कर'मध्ये गेलेले तीन आठवडे

माझा हिजाबातला फोटो, खाली एक घाणेरडं टोपणनाव, वर्गाच्या ग्रुपवर फिरला. शाळेनं ते प्रकरण दोन दिवसांत मिटवलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्याआधीचे तीन आठवडे वाया गेले, त्याचा राग अजून आहे.

अम्मी मला एका मौलानांकडे घेऊन गेली. माणूस मायाळू. मी फोन पुढे केला, त्यांनी स्क्रीन न बघताच तो उलटा ठेवला. "बेटी, सब्र कर, माफ कर. दुसऱ्याचे ऐब सांगत फिरणं गीबत आहे." सब्र म्हणजे धीर, गीबत म्हणजे पाठीमागे केलेली निंदा. झालं! घरी येऊन मी सगळे स्क्रीनशॉट उडवले, सवाब (पुण्य) कमावल्यासारखे. रात्री इशाची नमाज पढून रडायचं, सकाळी ग्रुपवर नवीन काहीतरी तयार. आपलंच ईमान, म्हणजे श्रद्धा, कच्ची म्हणून एवढं लागतंय, असं वाटायला लागलं.

(तुम्ही काहीही उडवू नका. तारीख आणि अकाउंटचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. माझे एका मैत्रिणीकडे होते म्हणून निभावलं.)

शेवटी कुरआन शिकवणाऱ्या आपांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "झोप लागते का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, दुआ कर आणि समुपदेशकाकडेही जा, दोन्ही. मग कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाची १४८वी आयत काढली: वाईट गोष्ट उघड बोलणं अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. मी तीनदा वाचली. जुने इस्लामी विद्वान इमाम नववींनीही गीबतीला जिथे मुभा सांगितली, तिथे पहिली जागा जुलमाच्या तक्रारीला दिलीय, जो न्याय देऊ शकतो त्याच्याकडे नेलेल्या. म्हणजे मुख्याध्यापकांकडे जाणं चालतं, सगळ्या ग्रुपला उलट शिव्या देणं नाही. तेही मी एकदा करून बसले होते, ते आपांना सांगितलं नाही.

टोपणनावं ठेवू नका, हे सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत सरळ आहे. आणि सूरह हिज्र, आयत ९७: लोकांच्या बोलण्यानं तुमची छाती दाटून येते, हे आम्हाला ठाऊक आहे. हे पैगंबरांना उद्देशून आहे! त्यांना लागत होतं, मग मला लागलं तर ईमानाचा काय संबंध?

माफ अजून केलेलं नाही. आपा म्हणाल्या, घाई नाही.

मौलानांना भेटायचं राहिलंय. अम्मी म्हणते, जाऊ दे. मी जाणार आहे, आणि या वेळी फोन उलटा ठेवू देणार नाही.