आज ती बोलली नाही

मंगळवार, रात्री साडेदहा

आज टी.वाय.च्या वर्गात पंचायत राज. ७३वी घटनादुरुस्ती, १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या वाढून निम्म्या झाल्या, इथवर मीच बोलत होते. मग विचारलं, "सही बाईंची आणि कारभार नवऱ्याचा, हे तुमच्या गावात दिसतं का?" आणि वर्ग पेटला. मागच्या बाकांवरची मुलं एकमेकांना बोलूच देईनात. एक जण तर उभाच राहिला, शेजारच्याने त्याला शर्ट ओढून बसवलं. मला अशी चर्चा फार आवडते. ऑनलाइन तासाला ती कधीच जमली नाही. माईक सुरू करेपर्यंत मुद्दा पुढे गेलेला, बहुतेकांचे कॅमेरे बंद, मध्येच कुणाची रेंज जाते.

पण तिसऱ्या बाकावरची ती तासभर वहीत बघत बसली.

गेल्या आठवड्यात पावसामुळे कॉलेज बंद होतं. तेव्हा मोबाइलवर तास घेतला आणि हाच प्रश्न देऊन सांगितलं, रात्रीपर्यंत ग्रुपवर लिहा. अकराच्या सुमारास तिच्या वीसेक ओळी आल्या. आई ग्रामपंचायत सदस्य. पहिलं वर्ष वडील दाखवतील तिथे सही. मग नळाला आठ आठ दिवस पाणी येईना, तेव्हा आई ग्रामसभेत उठून बोलली आणि त्या दिवसापासून कागद स्वतः वाचायला लागली. आज वर्गात जे कुणी बोलले, त्यांच्यातल्या कुणालाच एवढं ठाऊक नव्हतं. आणि त्या ओळींखाली उमटले होते फक्त दोन अंगठे. कुणी उलट प्रश्न विचारला नाही, मीही नाही. याचं मला आज वाईट वाटतंय.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मीही आज थांबले नाहीच, पहिला हात वर झाला की त्याचं नाव घेतलं. तिला त्या दिवशी मात्र अख्खी संध्याकाळ मिळाली होती.

गुरुवारी आधी पाच मिनिटं सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. मघाशी तिला मेसेज केला, तुझं लिखाण नाव न घेता वर्गात वाचू का?

उत्तर आलं, "मॅडम, आईला विचारून सांगते."