मागच्या सीटखालचा पंप

जुन्या पण जोरकस गाडीवर केलेला बहुतेक खर्च दिसावा किंवा ऐकू यावा म्हणूनच केलेला असतो. अलॉय व्हील दिसतात, रुंद टायर दिसतात, बदललेल्या सायलेन्सरचा घुमारा गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो आणि बॉनेट उघडले की लाल एअर फिल्टर नजरेत भरतो. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल पोचवणाऱ्या फ्युएल पंपाच्या नशिबी यातले काहीच नाही. तो मागच्या सीटखाली, टाकीतल्या पेट्रोलात आयुष्यभर बुडालेला असतो; तो बदलल्याने गाडीची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही आणि सांगलीच्या विश्रामबागेत चहा पिताना मित्रांना दाखवावे असे काही हाती उरत नाही. तरीही या गाडीवर आजवर जी कामे करून घेतली, त्यांतले मला सर्वांत आवडलेले काम हेच आहे.

गाडी आहे पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ च्या सुमारास ती आपल्याकडे आली, तेव्हा पेट्रोलवर चालणारी टर्बो (इंजिनात दाबाने जास्तीची हवा कोंबणारी) गाडी सांगलीच्या रस्त्यावर दिसणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. १७८१ सीसीचे इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, आणि कारखान्यातून येतानाच १५० अश्वशक्ती. आधीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग करून टर्बोचा दाब वाढवला आणि आकडा दोनशेच्या घरात नेला. पंपाला मात्र हात लावला नाही. मूळ पंप मूळ ताकदीच्या हिशेबाने, थोडा हात राखून दिलेला असतो. हा राखलेला हात वीस वर्षांच्या वापराने थोडा आणि वाढलेल्या भुकेने थोडा असा दोन्हीकडून खाल्ला जातो.

मिरजेच्या मिस्त्रींनी पेट्रोलच्या नळीवर प्रेशर गेज जोडला, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून वर काढून गेज वायपरखाली अडकवला आणि आम्ही मिरज–पंढरपूर रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यात गेलो. इंजिन नुसते चालू असताना काटा २.५ बारवर (बार हे दाबाचे एकक) स्थिर होता, तो योग्यच. टर्बो भरात आल्यावर तो ४ पर्यंत जायला हवा होता. तो साडेतीनपर्यंत चढला आणि पाच हजार आरपीएमच्या आसपास मागे सरकू लागला. मिस्त्रींनी काचेवरची नजर न हटवता पाय काढायला सांगितले.

पाय काढायची ती घाई समजून घेण्यासारखी आहे. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, असे पुस्तकात असते. पण पूर्ण जोर लावलेल्या टर्बो इंजिनाला हे प्रमाण १२ च्या आसपास ठेवावे लागते, कारण जास्तीचे पेट्रोल जळण्यापेक्षा वाफ होऊन आतली उष्णता शोषण्याच्या कामी येते. नेमके तेव्हाच पेट्रोल कमी पडले तर मिश्रण अवेळी भडकते, इंजिन ठोकू लागते आणि वेळ आली तर पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळते. म्हणजे हजारो रुपयांचा पंप आळसावला, तर लाखाचे इंजिन जाते.

पंपाची चौकशी करू लागलो तेव्हा ध्यानात आले की हा विषय समजावून घ्यायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. आणि नदीकाठच्या कोणत्याही पारावर हेड (पंपाने पाणी किती उंच चढवायचे ते), डिस्चार्ज (ठरावीक वेळात किती पाणी पडते ते), फूटव्हॉल्व्ह हे शब्द मराठीच असावेत इतक्या सहजपणे ऐकू येतात. पलूसकडचे माझे मामा चाळीसेक वर्षे उपसा सिंचनाच्या मोटारींशी झगडत आलेले आहेत. ताशी २५५ लिटरचा पंप घेणार आहे, असे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “डिस्चार्ज ऱ्हाऊ दे. हेड किती हाय?”

प्रश्न बिनतोड होता. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा हा एका ठरावीक दाबावरचा आणि ठरावीक व्होल्टेजवरचा असतो. दाब वाढला की तोच पंप कमी पेट्रोल देतो. मी हिशेब मांडला. ३ बार म्हणजे पाण्याचा साधारण १०० फुटांचा हेड. पण इंजेक्टर ज्या जागी पेट्रोल फवारतो, तिथे टर्बोने १ बारची हवा कोंबलेली असते, तिच्याविरुद्ध पेट्रोल आत शिरायचे तर पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला तेवढाच दाब वाढवावा लागतो, म्हणजे हेड झाला १३५ फूट. गंमत अशी की, हेड वाढण्याचा क्षण आणि इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागण्याचा क्षण हे एकच असतात. मामांनी मान हलवली. “म्हंजी उसाला पानी लागतंय तवाच नदी खाली जाती, तसंच की.” इतके नेमके स्पष्टीकरण मला इंजिनाच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नव्हते.

आता गरज किती, हे पाहायचे. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीमागे तासाला पाव किलोहून थोडे अधिक पेट्रोल पिते, असा ढोबळ हिशेब आहे. दोनशे अश्वशक्तीला ५५ किलोच्या आसपास, म्हणजे ताशी ७५ लिटर. मग २५५ लिटर कशाला, हा रास्त प्रश्न आहे, आणि मला वाटते की बहुतेक लोक केवळ आकडा मोठा म्हणूनच तो पंप घेतात. इंजेक्टरांनी न घेतलेले पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जाते. ती नळी अरुंद असेल तर नुसत्या चालू इंजिनावर दाब नको इतका चढतो, शिवाय तेच पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेतून फिरफिरून टाकी तापवते. म्हणून मी त्याहून लहान, पण ४ बारवर आणि कमी व्होल्टेजवरही ताशी सव्वाशे लिटरच्या वर राहील असा पंप निवडला. या धंद्यात नकली माल बराच असल्यामुळे खोक्याकडे न पाहता मिस्त्रींनी तो आधी बाहेरच मोजपात्रात पेट्रोल काढून तपासला, हे मला फार आवडले.

सीट उचलल्यावर खाली शेंगांची टरफले, एक जुने दोन रुपयांचे नाणे आणि वीस वर्षांची धूळ निघाली. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून नळीतला दाब आधीच घालवला होता आणि बॅटरीची तार सोडून ठेवली होती. झाकणाखालची मोठी कडी लाकडाच्या ठोकळ्याने हलक्या हाताने ठोकत फिरवावी लागते. लोखंडावर लोखंड मारून ठिणगी पाडण्याची ही जागा नव्हे. मिरजेला दवाखान्याच्या कामासाठी आलेले मामा तोवर गॅरेजात येऊन बसले होते. पंप वर येताच त्यांनी पहिल्यांदा तळाची जाळी पाहिली. पांढरी असायला हवी ती तपकिरी झाली होती आणि बोट लावल्यावर बुळबुळीत गाळ निघाला. विजेची मोटर चक्क पेट्रोलात बुडून चालते, तिच्या ब्रशांवरून पेट्रोल वाहते आणि तरी भडका उडत नाही, हे मात्र त्यांना पटेना. जळायला हवा लागते आणि पंपाच्या आत ती नसतेच. उलट पेट्रोलच मोटारीला थंड ठेवते, असे मिस्त्रींनी सांगितले, तेव्हा मामा “सबमर्शिबल” एवढेच म्हणून गप्प झाले.

मामांच्या तरुणपणीच्या पद्मिनीत पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असे, कॅमशाफ्टच्या ढकलण्याने एक पडदा वरखाली होई आणि पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत ओढले जाई. मे महिन्यात खंबाटकी चढताना त्यात पेट्रोलची वाफ धरायची, गाडी बंद पडायची आणि पंपावर ओले फडके टाकून बसावे लागायचे. पंप टाकीत गेल्यापासून ते फडके इतिहासजमा झाले.

खरी मेख मात्र तारेत निघाली. बॅटरीवर १३.८ व्होल्ट येत असताना पंपाच्या टोकाशी ११.९ च पोचत होते. मूळ तार बारीक, सांधे जुने, आणि नवा पंप जास्त करंट ओढणारा. व्होल्टेज पडले की मोटर मंदावते आणि घेतलेला मोठा पंप कागदावरच मोठा राहतो. उन्हाळ्यात शेवटच्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी कशा कण्हतात ते मामांना सांगायची गरजच नव्हती. मिस्त्रींनी बॅटरीपासून फ्यूज घालून जाड तार मागे नेली, मध्ये एक रिले, म्हणजे थोड्या करंटच्या हुकमावर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच, बसवला आणि जुन्या तारेकडे त्या रिलेला हुकूम देण्याएवढेच काम ठेवले. काही जण पंपाची तार सरळ चावीला जोडून मोकळे होतात, ते मला अजिबात मान्य नाही. इंजिन बंद पडले, गाडी उलटली, तर संगणकाने पंप थांबवलाच पाहिजे. टाकीच्या आतला नळीचा तुकडाही पेट्रोलात बुडून राहण्यासाठी बनवलेला हवा, कारण साध्या फ्युएल पाइपचे रबर आतून टिकते, पण बाहेरून पेट्रोल लागले की फुगून सुटते. झाकणाचे जुने रबरी सील तर बाहेर काढताच इतके ऐसपैस झाले की ते परत खाचेत बसेना. नवे आधीच आणून ठेवले होते म्हणून निभावले.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात ते २० टक्के असते, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागत असल्याने तेवढ्याच हवेत सातआठ टक्के इंधन जास्त ओतावे लागते. शिवाय ते पाणी धरते आणि जुन्या रबराशी त्याचे जमत नाही. ज्या कृष्णेतून मामा पाणी उचलतात, त्यावर ऊस, उसाची मळी, मळीचे इथेनॉल आणि शेवटी माझ्या पंपावर वाढीव बोजा, ही साखळी मी त्यांना ऐकवली, तेव्हा त्यांनी उसाचा दर कमी पडतो, ही आपली तक्रार पुढे केली.

गेज लावून पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. टर्बो भरात येताच काटा ४ ला टेकला आणि सहा हजारांपर्यंत तिथेच राहिला. गाडी उभी केल्यावर २.५ वर परतला, म्हणजे रिटर्न लाइनलाही नवा पंप पेलत होता. सकाळी पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू होऊ लागले, कारण जुन्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) रात्रभरात दाब सोडून देत असे. आवाज मात्र थोडा वाढला आहे. चावी फिरवल्यावर दोन सेकंद मागून गुणगुण ऐकू येते. पेट्रोलच पंपाला थंड ठेवते म्हणून पाव टाकी उरली की मी भरून घेतो.

गॅरेजातून निघताना मामांनी विचारले, “गाडी किती वाढली मग?” काहीच नाही, फक्त आहे ती ताकद आता शेवटपर्यंत टिकते, असे मी म्हणालो, त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. जुना पंप उचलून त्यांनी मिस्त्रींना विचारले, की परसातल्या ठिबकला हा चालेल का. बॅटरी लागेल आणि पाण्यात आठवडाभरात गंजून जाम होईल, असे मिस्त्री म्हणाले. मामांनी तो तरीही फडक्यात गुंडाळून दवाखान्याच्या फायलीशेजारी पिशवीत घातला.