सर्कट कॅमेऱ्यातला एक दाता

गेले तीन रविवार सदाशिव पेठेतल्या आमच्या गच्चीवर दहा नंबरचा सर्कट कॅमेरा, म्हणजे दहा इंच रुंद फिल्मवर चौफेर देखावा टिपणारा जुना कॅमेरा, लावून मी चाचण्या घेत आहे. विल्यम जॉन्स्टन यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या या कॅमेऱ्यात चावीवर चालणारे यंत्र अख्खा कॅमेरा स्टँडवर गोल फिरवते आणि त्याच वेळी आतली फिल्म एका अरुंद उभ्या फटीमागून ओढते. फटीवरची प्रतिमा ज्या वेगाने सरकते, नेमक्या त्याच वेगाने फिल्म सरकली तरच चित्र रेखीव उमटते, आणि हा मेळ एका छोट्या, बदलता येणाऱ्या दातेरी चक्रावर अवलंबून असतो.

माझ्या भिंगाचे नाभीय अंतर साडेदहा इंच, म्हणजे सुमारे २६७ मिलिमीटर असल्याने पूर्ण फेरीला जवळजवळ १६८ सेंटीमीटर फिल्म लागते. इतकी रुंद फिल्म चाचणीत खर्च करणे परवडणारे नाही, म्हणून मी ब्रोमाइड पेपरच्या ६० सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या वापरल्या. त्या लाल दिव्यात, घरच्या न्हाणीघरातच धुता येतात आणि एका पट्टीत १२८ अंशांहून थोडा अधिक देखावा मावतो.

पहिल्या पट्टीवर पर्वतीचे देऊळ स्वच्छ आले. पण त्यावर ओळीने उभे गडद पट्टे होते. पट्ट्यांच्या जागी देखावा कुठेही ताणलेला किंवा आकसलेला नव्हता, यावरून फिल्म निसटत नसून फिल्म आणि कॅमेरा दोन्ही एकदमच अडखळत आहेत, हे कळले. वेग राखणाऱ्या पंख्याच्या आसाशी जुने ग्रीस वाळून चिकट झाले होते. एका घड्याळजींनी ते रॉकेलने धुऊन, बारीक तेलाचा एकच थेंब सोडून दिला, आणि पट्टे गेले.

खरी कसोटी पुढे होती. समोरच्या इमारतीचा लोखंडी कठडा भिंगापासून आठ मीटरवर आहे. त्यावर फोकस करून, पर्वतीसाठी लावलेलेच चक्र ठेवून पट्टी काढली, तेव्हा कठड्याच्या आडव्या सळ्या अगदी धारदार आल्या आणि उभ्या सळ्यांच्या कडा मात्र पुसटल्या. फोकस चुकला असता तर दोन्ही सारख्याच बिघडल्या असत्या. केवळ उभ्या रेषा बिघडतात, तेव्हा दोष वेगात असतो. आठ मीटरवर फोकस करताना भिंग फिल्मपासून २७६ मिलिमीटरवर जाते, त्यामुळे प्रतिमाही फटीवरून सुमारे साडेतीन टक्के अधिक वेगाने सरकते. फट सहा मिलिमीटरची धरली, तर ही तफावत कागदावर ०.२ मिलिमीटरचा फराटा उमटवते, आणि तो साध्या डोळ्यांनाही दिसतो. तीस दात्यांच्या चक्रात एक दाता म्हणजे ३.३ टक्के, हा हिशेब मनात आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण इतक्या जुन्या यंत्राने स्वतःचे गणित माझ्यापुढे उघडे केले होते.

चक्राचा एक दाता कमी झाला, की तेवढ्याच फेरीत फिल्म थोडी अधिक सरकते. म्हणून एक दाता कमी असलेले चक्र बसवून त्याच जागेवरून पुन्हा पट्टी काढली. या वेळी उभ्या सळ्याही आडव्यांइतक्याच धारदार आल्या, इतक्या की एका सळीवरचे गंजाचे पोपडे भिंगाखाली मोजता आले. आता प्रत्येक चक्राच्या पुडीवर मी दात्यांची संख्या आणि त्याला मानवणारे अंतर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.