कॉम्रेड्स, बारा तास आणि चहाची भांडी

"पंच्याऐंशी किलोमीटर म्हणजे साताऱ्याहून कुठपर्यंत गं?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं आई, साधारण खेड शिवापूरचा टोलनाका धरा, मधे खंबाटकी चढून. त्यांनी भाजी निवडता निवडता वर न बघताच विचारलं, "मग एसटीने का जात नाहीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाहीये. मी 47 वर्षांची, बँकेत नोकरी, दोन पोरं, आणि मी फास्ट वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगते. आमच्या ग्रुपात सगळ्यात शेवटी येऊन पोहे गार झालेले खाणारी मी. पण सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार-पाच वेळा पळाल्यावर डोक्यात किडा शिरतो, आणि साताऱ्यात तो किडा शिरला की त्याचं नाव कॉम्रेड्स.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साउथ आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग अशी दोन गावं, एक समुद्राकाठी, एक वर डोंगरात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने 1921 साली ही रेस सुरू केली, तेव्हा 34 जण पळाले आणि 16 पोचले. आता हजारोंनी पळतात. एक वर्ष वरून खाली, एक वर्ष खालून वर. 2024 ला अप रन होती, म्हणजे डर्बनहून वर, 85.91 किलोमीटर. वेळ बारा तास. त्याच्यावर एक सेकंद गेला तरी पदक नाही, आणि घड्याळ तेव्हा बंदूक उडाल्यापासून चालू व्हायचं, तुम्ही लाइन ओलांडल्यापासून नाही. म्हणजे माझ्यासारखे मागच्या बॅचमधले आधीच तोट्यात.

आधी क्वालिफाय व्हायला लागतं, फुल मॅरेथॉन 4 तास 50 मिनिटांच्या आत. मी जानेवारीत मुंबईला पळाले, पेडर रोडचा चढ संपल्यावर रस्त्याकडेच्या एका काकांनी हातावर संत्र्याची फोड ठेवली तेव्हा रडायलाच आलं, पण 4:44 झाले. व्हिसा, फॉरेक्स, तिकीट हे सगळं नवऱ्याने बघितलं, मला त्यातलं काही विचारू नका.

खरी मजा फेब्रुवारी ते मे. पहाटे साडेतीनला उठायचं, डोक्याला टॉर्च, यवतेश्वरचा घाट वर-खाली, वर-खाली. शनिवारी 35, रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी 25, म्हणजे थकलेल्या पायांना पळायची सवय लागते असं आमचे सर म्हणतात. एकदा मेढा-केळघर करत महाबळेश्वरपर्यंत गेलो, तर घाटात एका ट्रकवाल्याने गाडी स्लो करून विचारलं, "काय झालं ताई, गाडी बंद पडली का?" नाही म्हटल्यावर तो बराच वेळ आरशात बघत होता.

आणि हो, कुणी सांगत नाही ते सांगते. घामाने कातडं सोलवटतं. काखेत, मांड्यांना, ब्राच्या पट्टीखाली, आणि आपल्या बायकांचं अजून एक म्हणजे मंगळसूत्राखाली. तीन तासांनंतर काळे मणी मानेवर किसणीसारखे चालतात. मी ते काढून कपाटात ठेवलं. सासूबाईंना दिसलं, त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी ओट्यावर खोबरेल तेलाची बाटली काढून ठेवलेली होती. पायाची दोन नखं काळी पडून गेली ती वेगळीच.

एप्रिलमधे मी या रेसबद्दल वाचत बसलेले, तर एक बाई सापडली. फ्रान्सेस हेवर्ड. 1923 साली ही नाव द्यायला गेल्यावर बायकांना प्रवेश नाही म्हणून सांगितलं, तरी ही बया पळाली, तेव्हाच्या रस्त्यांवर, आणि 11 तास 35 मिनिटांत पोचली. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो 1975 साली! कृष्णवर्णीयांनाही त्याच वर्षी. बरं, हिला पदक दिलं नाही, पण बाकीच्या धावपटूंनी आणि बघ्यांनी मिळून चहाचा चांदीचा सेट दिला. मी हे जेवताना मोठ्याने सांगितलं, तर लेक म्हणाली, "म्हणजे बाई दिसली की भांडीच." सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "चांदीची म्हणतेस?" त्या दिवशी मी ठरवून टाकलं, आपलं टार्गेट 11:35.

9 जून, डर्बनचा सिटी हॉल, पहाट. आजूबाजूला सगळ्यांच्या अंगावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, थंडी वाजू नये म्हणून, त्या तशाच फाडून फेकायच्या. मग राष्ट्रगीत, मग तिथल्या खाणकामगारांचं एक जुनं गाणं सगळा रस्ता एका आवाजात म्हणतो आणि अंगावर काटा येतो, मराठी माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नसूनही. मग कोंबडा आरवतो. खरंच. 1948 मधे मॅक्स ट्रिमबॉर्न नावाच्या माणसाने बंदुकीच्या ऐवजी कोंबड्यासारखी बांग दिली, तेव्हापासून ती प्रथाच पडली. आता बांगेनंतर बंदूकही उडते. ती उडाल्यावर लाइन ओलांडायला मला साडेआठ मिनिटं लागली.

या रस्त्यावर किलोमीटरच्या पाट्या उलट्या असतात, किती झाले ते नाही, किती राहिले ते. तासभर पळून बघावं तर अजून 70 च्या वरचाच आकडा. पाच मोठे चढ आहेत, काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि शेवटी पॉली शॉर्ट्स. फील्ड्स हिल म्हणजे मला यवतेश्वरच वाटला, फक्त हायवेएवढा रुंद आणि समोर मैलभर नुसती डोकी. मी ठरवल्याप्रमाणे चढ चालत, सपाटीला पळत होते. बोथाज हिलनंतर डोंगराच्या कडेला एक कोनाडा आहे, पाच वेळा ही रेस जिंकलेले आर्थर न्यूटन तिथे विसावा घेत म्हणे, तर तिथे फूल ठेवून "गुड मॉर्निंग, आर्थर" म्हणायचं, म्हणजे उरलेली रेस बरी जाते. आपल्याकडे घाटात म्हसोबाला नारळ फोडतात तसंच की हे. मी कुंपणावरचं एक पिवळं फूल तोडलं, ठेवलं, आणि सवयीने चप्पल काढावी का असंही मनात येऊन गेलं.

ड्रमंडला अर्धं अंतर झालं, 5 तास 42 मिनिटं. म्हणजे 11:35 शक्य होतं, फक्त पुढचं अर्धं थोडं कमी दुखायला हवं होतं. इंचांगाच्या पुढे एथेम्बेनी शाळेतली अपंग मुलं व्हीलचेअरवर, कुबड्यांवर रस्त्याकडेला हात पुढे करून बसली होती, एकेकाला टाळी देत गेले, तिथे थोडा वेळ पाय दुखायचे थांबले.

आणि मग साठाव्या किलोमीटरच्या आसपास सगळं बिनसलं. तिथे पाणी बाटल्यांत नाही, हातात चौकोनी पाऊच देतात, कोपरा दाताने फोडायचा आणि पिळायचं. ऊन लागत होतं म्हणून मी प्रत्येक टेबलावर दोन दोन पाऊच पीत सुटले. एका क्षणी लक्षात आलं की अंगठी बोटात रुतलीये. हात बघितले तर बोटं गुलाबजामासारखी फुगलेली, डोकं जड, पोट डचमळतंय, आणि पाणी तर भरपूर पितेय मी. सरांनी बजावलेलं तेव्हा आठवलं, की जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा धोकादायक. नवल म्हणजे ही भानगड डॉक्टरांच्या पहिल्यांदा लक्षात आली तीसुद्धा 1981 मधे याच रेसमधल्या एका बाईंमुळे, डॉ. टिम नोक्स यांनी पुढे त्यावर बरंच काम केलं. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि ओकले. पाणी बंद केलं. पुढच्या टेबलावर उकडलेला बटाटा मिठात बुडवून दिला त्यांनी, तो मी अक्षरशः मिठासकट चाटला. पण यात वीस मिनिटं गेली आणि 11:35 पण गेले.

आता दोन बसेसची गोष्ट. एक बस खरीखुरी, रेस सोडलेल्यांना गोळा करत मागून येते, खिडकीत पांघरूण घेतलेले चेहरे, कुणी बाहेर बघत नाही. ती माझ्या शेजारून हळू गेली. दार उघडंच होतं. आणि दुसरी बस म्हणजे माणसांची. एक जण झेंडा घेऊन ठरलेल्या वेळात पोचवायला पळतो, मागे शे-दोनशे लोक एका पट्ट्यात, गाणी म्हणत, त्याने हात वर केला की सगळे चालतात, खाली केला की पळतात. बारा तासांची बस मागून आली तेव्हा मी कठड्याला टेकून उभी होते. त्यातला एक माणूस ओरडला, "मामा! कम, मामा!" मी मागे वळून बघितलं, कोण मामा? मग कळलं, तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. त्याने माझं कोपर धरलं आणि मला सरळ मधल्या रांगेत ओढून घेतलं. पुढचे दोन-अडीच तास मी डोकं वापरलंच नाही. हात वर, चाल. हात खाली, पळ. समोरच्याच्या पाठीवरचा घामाचा नकाशा बघत राहायचं.

पॉली शॉर्ट्स शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरवर येतो, आणि तो तिथे नसता तर त्याला कुणी विचारलं नसतं, केळघरच्या पुढे तो काय आहे. पण जवळजवळ ऐंशी किलोमीटर पळून झाल्यावर दोनेक किलोमीटरचा तो चढ म्हणजे छळ आहे. आख्खी बस चालत, कुणी बोलत नाही, फक्त बुटांचा फरफर आवाज. वर पोचल्यावर झेंडेवाल्याने काहीतरी झुलूमधे म्हटलं आणि सगळे हसले, मीही हसले.

स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर गवतात शिरलो तेव्हा अंधारून आलं होतं. 11 तास 49 मिनिटं. मला कोपराला धरणारा तो माणूस शोधला, सापडला नाही, नावही माहीत नाही.

मी तिथेच थांबले. बाराला एक-दोन मिनिटं असताना एक अधिकारी फिनिश लाइनवर येऊन पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, कुणाचा चेहरा बघून हात थांबू नये म्हणून. सगळं स्टेडियम आकडे मोजत होतं. निळ्या टीशर्टातली एक बाई, माझ्याच वयाची असेल, बंदूक उडाली तेव्हा लाइनपासून चार-पाच पावलांवर होती. लगेच माणसांची रांग आडवी उभी राहिली. ती काही बोलली नाही, गवतात बसली आणि बुटांच्या लेसा सोडायला लागली. आधी मला जाऊन तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण गुडघे वाकेनात.

दुसऱ्या दिवशी पीटरमॅरिट्झबर्गचं रेल्वे स्टेशन बघितलं, जिथे 1893 साली गांधीजींना डब्यातून उतरवलं होतं ते. फलाटावर जायच्या पायऱ्या मी उलट्या तोंडाने उतरले, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने जमतच नव्हतं.

घरी आल्यावर पदक सासूबाईंच्या हातात दिलं. कॉम्रेड्सचं पदक अगदी छोटं असतं, नाण्याएवढं, आणि अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांचं तांब्याच्या रंगाचं. त्यांनी चष्मा लावून उलटंसुलटं बघितलं, नखाने जरा खरवडून बघितलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "त्या बाईला निदान चहाची भांडी तरी मिळाली."