सागरेश्वर: शिंग सापडलं म्हणून शिकार झाली असं नव्हे

सांगली जिल्ह्यातल्या ताकारीहून देवराष्ट्रे जवळच. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. खालची जुनी देवळं बघून आम्ही सागरेश्वर अभयारण्यात शिरलो. रान जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, तेही माणसानं उभं केलेलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी बोडक्या डोंगरावर झाडं लावली, प्राणी बहुतेक बाहेरून आणून सोडले, आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. वरून कृष्णाकाठचा ऊस दिसतो, लांबवर नुसता ऊसच.

पायवाटेच्या कडेला सांबराचं गळालेलं शिंग पडलं होतं. बुडाशी खडबडीत कडं, त्याखाली कवटीचा तुकडा नाही. सांबर, चितळ यांची शिंगं गळतात आणि नवी येतात. काळविटाची जन्मभर तीच. उत्खननात हा फरक फार कामाचा. बुडाला कवटी चिकटलेली असेल तर जनावर मेलेलं किंवा मारलेलं. नसेल तर कुणीतरी रानातून शिंग उचलून आणलं असेल, हत्यारासाठी.

घोड नदीवरच्या इनामगावातली प्राचीन शेतकऱ्यांची वस्ती (ते पाणी भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळतं) पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून वर्षानुवर्षं खणलं. हाडांत गाईगुरं, शेळ्यामेंढ्या भरपूर. काळवीट, हरणं त्यामानानं थोडी. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसपाणी घटलं, शेती बसली आणि लोक मेंढ्या-शिकारीकडे वळले, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. पण उकिरड्यातली हाडं सांगतात ती चुलीपर्यंत काय आलं हे. रानात काय होतं, हे त्यावरून ताडावं लागतं. काळवीट वाढलं तर उघडं माळरान वाढलं की फासे टाकायची पद्धत बदलली? अशा वेळी दातांच्या वरच्या कठीण थरातला (इनॅमलमधला) कार्बन तपासतात. गवत खाल्लं की झाडपाला, ते त्यावरून कळतं. मला तर हाडांच्या मोजणीपेक्षा हा पुरावा जास्त पटतो.

सागरेश्वरात पुढंमागं कुणी खणलं तर काळवीट आणि सांबर एकाच थरात निघतील. माळावरचं जनावर नि झाडीतलं जनावर इतक्या जवळ कसं, यावर पंडितांची जुंपेल. अभयारण्याच्या कुंपणाचा एखादा खांब सापडला तर बरं, माणसानंच दोघांना एकत्र ठेवलं हे तरी कळेल.

शिंग उचलायला वाकलो तसा वनरक्षक ओरडला, "पाव्हणं, ठेवा ते खाली! जमा करावं लागतंय."